गाळलेल्या जागेतलं नाव

माझ्या मामाला नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस आहे, ते म्हणजे माझी आई. बाकी सगळ्यांचा तो 'आवाजवाला'. आमच्या भागात कुणालाही विचारा, शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला आमच्या लाँड्रीपाशी आणून सोडेल. खाली माझी इस्त्री, मागच्या खोलीत मी आणि आई, आणि जिना चढून वर गेलं की मामाची खोली. आवाज घुमू नये म्हणून त्यानं तिथल्या भिंतींना जुन्या रजया ठोकल्यात. उन्हाळ्यात घटकाभर बसलं तरी माणूस उकडून निघतं, पण मामाला त्याचं काही नाही.

आधीच सांगून ठेवते, मी तोंडाची फटकळ आहे आणि ही गोष्ट सांगताना माझं डोकं फिरतं. कुठे शब्द जास्त गेला तर सांभाळून घ्या. नाहीतर नका घेऊ, माझं काय अडलंय!

मामाचं काम म्हणजे गाडीवर भोंगा लावून गल्लोगल्ली सांगत फिरायचं. उद्या पाणी येणार नाही. बुटांच्या दुकानात निम्म्या भावात माल. लाल स्वेटर घातलेली मुलगी हरवलीय, कुणाला दिसली तर कळवा. पण त्याची एक खोड होती. जे स्वतः पाहिलं, पडताळलं, त्याच्याच शेवटी तो म्हणायचा, "मी सांगतोय." पडताळलं नसेल तर नुसतं सांगायचा आणि गप्प बसायचा. गादीवाल्या दुकानदारानं एकदा हट्टच धरला, शेवटी 'मी सांगतोय' आलंच पाहिजे. मामा म्हणाला, बरं, आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत गादीवर आडवा झाला. दुपारभर घोरला. उठून म्हणाला, "पाठ धरली. नाही म्हणणार." दुकानदारानं कोपरापासून हात जोडले. तेव्हापासून बायका खिडकीत उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकायच्या. 'मी सांगतोय' आलं का गं? नाही आलं? मग मरू दे, नको तो बूट.

पुढे रेकॉर्डिंगची सोय झाली, रोज घसा फोडायची गरज उरली नाही. त्यातही मामानं आपली पद्धत काढली. मजकूर एकदाच बोलून ठेवायचा आणि नाव यायचं तिथं क्षणभर गप्प बसायचं. नावं वेगळी बोलून ठेवायची. मग बाजारातला मशीनवाला, ज्याला हे काम मामानंच शिकवलं, तो त्या गाळलेल्या जागेत हवं ते नाव जोडून द्यायचा. निवडणुकीला तर ही पद्धत फारच सोयीची. वॉर्डावॉर्डात उमेदवार वेगळा, मजकूर तोच. आई हसायची, "मांडव तोच, नवरदेव तेवढा बदलायचा."

आई पॅकिंगच्या कारखान्यात कामाला होती. बायकांना ने-आण करायला कंत्राटावरची बस होती. तिचे ब्रेक धड लागत नाहीत हे ड्रायव्हरनं सांगितलं होतं, बायकांनी सांगितलं होतं, आईनं तर बसमालकाला तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला, "एवढी भीती वाटते तर चालत जा." मग एक दिवस पुलाच्या उतारावर बस कठडा तोडून खाली गेली. समोरच्या घरातली काकू, आईची जिवाभावाची मैत्रीण, जागच्या जागी गेली. आणखी बायका गेल्या. आईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी तेव्हा शाळेत होते. ड्रायव्हरही मेला, त्यामुळे सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडणं सोपं झालं. मेलेला माणूस काय बोलणार?

आमच्या भागाचे पुढारी, आमचे साहेब, तेव्हा अजून साहेब झाले नव्हते. कॉलर विरलेला शर्ट, खोकत चालणारी मोटारसायकल, एवढाच संसार. हॉस्पिटलच्या पायरीवर समोरच्या काकांना मिठी मारून ते हमसून हमसून रडले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. महिन्याभरातच त्यांनी कारखान्याच्या फाटकावर मोर्चा काढला आणि माइक दिला मामाच्या हातात. आई चाकाच्या खुर्चीत, पायाला बँडेज. मामा बसमालकाचं नाव घ्यायचा, लांबवून, तिरस्कारानं, आणि शेकडो बायका एका दमात ओरडायच्या, "जबाब द्या!" पुन्हा नाव, पुन्हा "जबाब द्या!" एकदा त्याची नजर आईच्या पायाकडे गेली आणि नाव घेता घेता त्याचा आवाज मधेच फाटला. त्या दिवशी त्यानं शपथ घेतली की हे नाव पुन्हा तोंडात येऊ देणार नाही. घरात आम्हीही घेत नाही, आणि इथंही मी घेणार नाही. 'बसमालक' पुरे झालं त्याला.

बसमालकाला शिक्षाबिक्षा काही झाली नाही, पुराव्याअभावी सुटला. साहेब मात्र त्या मोर्च्यावरच निवडून आले आणि मामा साहेबांचा झाला. झाला म्हणजे तन-मनानं. दर निवडणुकीला साहेबांचा मजकूर मामाचा, आणि शेवटी न चुकता 'मी सांगतोय'. आई चिडवायची, "काय रे, तुझ्या साहेबांच्या रस्त्यावर माझी कुबडी अडकते. गादीसारखं त्या रस्त्यावर झोपून बघितलंस का कधी?" मामा म्हणायचा, "होईल गं ताई. माणूस आपला आहे. तुझ्यासाठी रडलेला माणूस आहे." आणि ते खरंच होतं.

मग मामाच्या घशाला आजार झाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती फुसफुस. त्याच्या तोंडाजवळ कान नेला तरच काही कळायचं. साहेब फळांची टोपली घेऊन भेटायला आले, मामाचा हात हातात घेऊन म्हणाले, "घाबरू नकोस. तुझा आवाज मी जपून ठेवीन." आणि मामाची आयुष्यभराची सगळी रेकॉर्डिंगं, मोर्च्याच्या टेपसकट, त्यांच्या ऑफिसात नेऊन ठेवायची असं ठरलं. मामानं खोकी स्वतः बांधून दिली. न्यायला आलेल्या माणसांना वर चहा पाजला. मीच केला तो चहा, आलं टाकून, आग लागो!

यंदा नगरपालिकेची निवडणूक लागली. सकाळची वेळ, मी इस्त्री करत होते, आई आत भाजी चिरत होती. साहेबांची गाडी गल्लीत वळली आणि मामाचा आवाज आला. किती दिवसांनी! माझ्या अंगावर काटाच आला. भरलेला, गोड, जुना आवाज. "आपल्या घरातला माणूस. आपल्या सुखदुःखाचा माणूस. साहेबांनी निवडलेले आपल्या वॉर्डाचे उमेदवार..."

आणि मग ते नाव आलं. मामाच्याच आवाजात.

"...यांनाच आपलं मत. मी सांगतोय."

माझ्या हाताखालच्या शर्टाची बाही जळाली. धूर नाकात गेला तेव्हा मला कळलं. आत सुरी चालायची थांबली होती. जिन्यावरून मामा धडपडत खाली आला, तोंड पांढरं पडलेलं. तो मान हलवत होता, हात हलवत होता, ओठ हलवत होता. आईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "ऑपरेशनच्या आधीच बोलून ठेवलं होतंस ना? घरात शपथा, आणि बाहेर हे!" मामानं पाटी आणली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी नाही.' आईनं चष्मा काढून बाजूला ठेवला. त्याचं बोलणं ऐकायला त्याच्या तोंडाशी जावं लागायचं, आणि आई त्या खोलीतच थांबली नाही.

खरं सांगते, माझाही विश्वास बसला नाही. कसा बसेल? दुसऱ्या कुणाच्या आवाजात असतं तर गोष्ट वेगळी. नाव त्याच्या तोंडचं, 'मी सांगतोय' त्याच्या तोंडचं, आणि आदल्याच आठवड्यात साहेबांची गाडी त्याला घरी सोडून गेलेली. त्याला ऑफिसात तब्येत विचारायला बोलावलं होतं म्हणे. मी त्याच्या ताटात जेवण वाढलं, पण एक शब्द बोलले नाही.

साहेबांनी सभेत सांगितलं, "कोर्टानं सोडलंय, मग आपण कोण धरून ठेवणारे? आणि आता तो आपला आहे." आपला! लोकांचं काय झालं ते मी लाँड्रीत बसून रोज ऐकत होते, कारण कपडे द्यायला आलेलं माणूस तोंड उघडल्याशिवाय जात नाही. निवृत्त मास्तर म्हणाले, "साहेबांनी काहीतरी विचार केला असेल." हॉस्पिटलातली नर्स म्हणाली, "विचार कसला डोंबलाचा? आमच्या नाकावर टिच्चून उभा केलाय." पण पिठाच्या गिरणीवाली जे म्हणाली ते माझ्या काळजात रुतलं. ती म्हणाली, "अगं, ज्याच्या बहिणीचा पाय गेला तोच सांगतोय म्हटल्यावर आम्ही कोण नाही म्हणणारे? त्यानं माफ केलं, आम्ही पण केलं."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. गाडी साहेबांची होती, पैसा बसमालकाचा असेल, पण त्याचं पाप धुवायला साबण लागत होता तो आमच्या घरचा. समोरच्या काकांनी मामाला पाहून खिडकी लावून घेतली. ज्या माणसाला जन्मभर कुणी खोटा म्हटलं नाही, त्याच्यासमोर खिडकी लागली. मामा खाली रस्त्यावर उभा होता, त्या बंद खिडकीकडे बघत.

गाडी दिवसभर फिरायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेच. तिसऱ्या का चौथ्या दिवशी आई मटार सोलत बसली होती. गाडी आली. मजकूर गोड, नाव आलं, मजकूर गोड. आईचा हात थांबला. गाडी पुढच्या वळणावरून परत येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. पुन्हा नाव आलं. आई म्हणाली, "ऐकलंस?"

"काय ऐकायचंय त्यात?" मी फणकारले.

"वेडे, नीट ऐक. बाकी सगळं बोलताना हसतोय. नाव घेताना चिडलाय. आणि शेवटी आवाज फाटलाय." तिच्या ओंजळीतले मटार घरभर झाले. "हे फाटकावरचं आहे गं. माझ्या पायाकडे बघून घेतलेलं नाव आहे हे."

आई बारा महिने जिना चढत नाही. एका पायानं आणि कुबडीनं तो जिना चढायचा म्हणजे खेळ नाही. त्या दिवशी ती चढली. मी हात द्यायला गेले तर म्हणाली, "सर बाजूला." वर मामा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई त्याच्या शेजारी बसली आणि तिनं आपला कान त्याच्या तोंडाशी नेला. बराच वेळ तशीच बसली. दोघंही रडत होती. म्हातारी माणसं, लहान पोरांसारखी नाकं ओढत.

मग आईनं मला सांगितलं, "तो म्हणतोय, साहेबांना माहीत नसेल. मशीनवाल्यानं चुकून जोडलं असेल."

बघा माणूस! एवढं झाल्यावरही साहेबांना माहीत नसेल! मी इस्त्री बंद केली आणि तशीच बाजारात गेले. मशीनवाल्यानं मला पाहिलं आणि वायरी गुंडाळायला लागला, जशा काही आजच गुंडाळायच्या होत्या. मी म्हटलं, "गुरूचा गळा कापलास, आता वर बघायची तरी हिंमत कर."

तो म्हणाला, "ताई, मी नाही म्हटलं होतं. म्हटलं, हे नाव त्यांच्या नावांत नाहीच. तर साहेब स्वतः म्हणाले, मोर्च्याच्या टेपमध्ये बघ, तिथं शंभर वेळा घेतलंय." मग खाली बघत म्हणाला, "मी त्या सगळ्यांतलं त्यातल्या त्यात कमी चिडलेलं निवडलं."

घरी येऊन मी मामाला जसंच्या तसं सांगितलं. गाळलं नाही, गोडही केलं नाही. साहेब स्वतः. मोर्च्याच्या टेपमध्ये बघ. मामा उठला आणि त्यानं भिंतीवरची एक रजई दोन्ही हातांनी ओढून काढली. खिळे उडाले. मग दुसरी. मग तिसरी. धूळ इतकी की आम्ही तिघंही खोकत होतो. उघड्या भिंतीवर खिळ्यांची भोकं तेवढी राहिली. मी त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. आई लाँड्रीच्या दारात कुबडीवर उभी होती. मला वाटलं शिव्या देईल, नाहीतर दगड मारेल. मी दगड शोधूनही ठेवला होता. "आपल्या घरातला माणूस," मामाचा आवाज म्हणाला. "आपल्या सुखदुःखाचा माणूस." आणि नाव आलं, लांबवलेलं, फाटलेलं.

आई ओरडली, "जबाब द्या!"

गाडीवाला दचकला. पण रेकॉर्डिंग कुणासाठी थांबतं का? ते संपलं आणि पुन्हा सुरू झालं. पुन्हा नाव आलं. यावेळी समोरची खिडकी धाडकन उघडली आणि काकांचा आवाज आला, बायको गेल्यापासून ज्यांनी कधी चढा आवाज काढला नव्हता त्या काकांचा. "जबाब द्या!" मग गिरणीवाली, पिठानं भरलेली, रस्त्यावर येऊन. मग वरच्या मजल्यावरच्या, मागच्या गल्लीतल्या, त्या बसमध्ये कधीकाळी बसलेल्या बायका, आता ज्यांना नातवंडं आहेत. ते नाव त्या सुरात आलं की काय म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मी वर पाहिलं. मामा खिडकीत उभा होता, हात वर केलेला, फाटकावर करायचा तसाच. नाव आलं की तो हात खाली आणायचा आणि सगळी गल्ली गरजायची. गाडीवाल्यानं गाडी पळवली, तर पुढच्या गल्लीतही तेच. त्या दिवसानंतर गाडी आमच्या वॉर्डात फिरकली नाही.

मी म्हणणार नाही की आम्ही क्रांती केली. मतं मोजली तेव्हा बसमालक आमच्या वॉर्डात पडला, पण थोडक्यात. साहेबांचं नाव पाहून डोळे मिटून मत देणारे निघालेच. मास्तर मतदानाला गेलेच नाहीत. मला म्हणाले, "दुसऱ्याला कधी दिलं नाही, आणि याला देववत नाही. बसलो घरी." असे घरी बसलेले बरेच निघाले. गावात मात्र सत्ता साहेबांचीच आली. आणि मामाचं नाव पक्षाच्या ऑफिसात काय झालं माहितेय? गद्दार. मी हसावं की रडावं!

आठवड्याभरानं साहेब आले. एकटेच, लाँड्रीच्या मागच्या दारानं. शर्ट कडक इस्त्रीचा, आमच्याकडचा नव्हे. मामा खाली आईच्या खोलीत बसला होता. साहेब समोर खुर्चीवर बसले. म्हणाले, "मी तुझ्यासाठी काय कमी केलं रे? राजकारणात शत्रूलाही जवळ घ्यावं लागतं. तू मला समजून घ्यायला हवं होतंस. दुसरा कुणी असता तर गोष्ट वेगळी, पण तू?" आणि खरंच त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा होता. दुखावले ते! मी इस्त्री उचलली आणि परत ठेवली.

मामाचे ओठ हलले. साहेब पुढे वाकले, त्यांना कळलं नाही. आणखी वाकले, तरी कळलं नाही. सवय नव्हती. मग आईनं मामाच्या तोंडाशी कान नेला, ऐकलं, आणि साहेबांकडे पाहून मोठ्यानं सांगितलं.

"तो विचारतोय, तेव्हा हॉस्पिटलच्या पायरीवर तुम्ही रडला होतात. ते तरी खरं होतं का?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली. मग मामाच्या नजरेला नजर देऊन हळूच म्हणाले, "तेव्हा खरंच होतं."

ते उठून गेले. त्यांनी खोकी परत पाठवली नाहीत, आम्ही मागितली नाहीत. मामा किती तरी वेळ रडत होता, आवाज न करता, कारण आता त्याच्याकडे तोही नाही. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "खोटं होतं म्हणाला असता ना गं, तर सोपं गेलं असतं याला."